उभ्या गाडीची बॅटरी

चालत्या गाडीशी माझा कधी फारसा संबंध आला नाही. माझं सगळं काम उभ्या गाडीचं. गाडी धावत असते तेव्हा इंजिन बॅटरीला भरवत असतं आणि माझ्यासारखीची कुणाला आठवण होत नाही. गाडी उभी राहते, इंजिन बंद होतं, आत माणसं मुक्काम करतात, दिवे, पंखे, फ्रिज लावतात आणि सकाळी उठून बघतात तर सगळं ठप्प. मग फोन यायचा. "मॅडम, बैटरी बैठ गई." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की निवृत्त झाल्यावरही फोन वाजला की आधी तेच कानात येतं.

मी दिल्लीतच वाढले, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी एखाद्या सरकारी उपक्रमात चिकटेल आणि आपणही क्वार्टर मिळवेल. मी चिकटले ती गुडगावच्या रस्त्यावर खुराना साहेबांच्या कारखान्यात. आता त्याला गुरुग्राम म्हणतात. तेव्हा गुडगाव होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती. खुराना साहेब मुळात ट्रकच्या बॉड्या बांधायचे. पण बाजार खुला झाला आणि लोकांना नाना तऱ्हेच्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. साबणाच्या कंपनीला खेडोपाडी जाहिराती दाखवत फिरणारी व्हॅन हवी, कुणाला फिरता दवाखाना हवा आणि गुडगावात नव्याने आलेल्या परदेशी कंपन्यांच्या साहेबांना कॅम्पिंग ट्रेलर हवेत.

कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची चाकांची खोली. त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, कपाटं, सगळं असतं. शनिवारी साहेब मोटारीला ती खोली जोडणार, अरवलीच्या पायथ्याशी कुठेतरी नेऊन उभी करणार आणि रविवारी संध्याकाळी परत येणार. गोऱ्या साहेबांचं बघून दिल्लीच्या पैसेवाल्यांनाही हौस आली. "बेटा, ट्रेलर मैं बेच दूँगा," खुराना साहेब म्हणाले, "बैटरी तू संभाल." कारखान्यात बाईमाणूस मी एकटीच. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायला त्यांना पुढे बराच काळ लागला, पण बॅटरीच्या बाबतीत माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

गिऱ्हाइकाला मी घराच्या गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण द्यायचे. दिल्लीत पाणी सकाळी येतं, टाकी भरते आणि ती दिवसभर पुरवायची असते. फ्लश गळत असला तर दिसत नाही, ऐकूही येत नाही, पण संध्याकाळी टाकी कोरडी. बॅटरीचं तसंच. शिवाय बॅटरी टाकीपेक्षा नाजूक. टाकी तळापर्यंत रिकामी केली तरी बिघडत नाही. बॅटरी निम्म्याच्या खाली वरचेवर गेली की तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या कायमच्या खराब होतात. म्हणून माझं काम दोन भागांचं. गळती शोधायची आणि वापर कमी करायचा.

गळती शोधायची रीत सोपी आहे. सगळी बटणं बंद करायची, बॅटरीची एक तार सोडवायची आणि मधे मीटर लावायचा. सगळं बंद असताना काटा शून्यावर हवा. नसेल तर कुणीतरी चोरून खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला काटा पडला, त्या वाटेवर चोर. कपाटाचं दार लावल्यावरही आत जळत राहणारा दिवा, घड्याळ, गॅस गळला तर बोंबलणारी पेटी, असे छोटे चोर असतात. सर्वांत मोठा चोर इन्व्हर्टर. बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी वीज करून देणारी ती पेटी नुसती चालू ठेवली, तिला काहीही जोडलं नाही, तरी ती स्वतः खात राहते. हे लोकांना पटायचं नाही. "उसमें कुछ लगा ही नहीं है, मॅडम," असं म्हणायचे आणि माझ्याकडे संशयाने बघायचे.

मी एक नियम पहिल्यापासून पाळला. मोजल्याशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही. अंदाज म्हणून नाही, बरं वाटावं म्हणून तर नाहीच. मीटर माझ्या पर्समध्ये असायचा. लग्नाकार्यालाही तो माझ्याबरोबर गेलेला आहे आणि त्यावरून घरी भरपूर चेष्टा झालेली आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. पंजाबी बागेच्या एका कुटुंबाने ट्रेलरच्या छतावर सौर पॅनेल बसवून घेतलं. तेव्हा त्याची मोठी अपूर्वाई. महिन्याभरात तक्रार, पॅनेल काही देतच नाही. मी शिडी लावून वर चढले तर पॅनेलवर कापडाचा अभ्रा, चारी बाजूंनी नाडीने बांधलेला आणि कडेला झालर. दिल्लीत त्या काळी नव्या वस्तूला झाकल्याशिवाय चैन पडत नसे. टीव्हीला झालर, फ्रिजला झालर, मोटारीच्या सीटवरचं प्लास्टिक मोटार विकेपर्यंत तसंच. बाईंनी त्याच कापडाच्या ताग्यातून पॅनेललाही अभ्रा शिवला होता. "धूल बहुत आती है जी," त्या म्हणाल्या. मी अभ्रा काढायला लावला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या सुनेला मी डोक्यावर पदर नसताना बाहेर उभं केलं.

दुसरे एक गृहस्थ बॅटरी चार्ज करायचा चार्जर ट्रेलरमधल्याच सॉकेटला लावून ठेवायचे. ते सॉकेट इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर बॅटरीवर. म्हणजे बॅटरी स्वतःलाच भरवत होती आणि वाटेतल्या दोन पेट्या आपापला घास काढून घेत होत्या. मी कागदावर बाण काढून त्यांना ते गोल फिरणं दाखवलं. त्यांनी बाणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लेकिन चार्जर की लाइट तो जलती थी."

अशा गमती सांगायला बऱ्या असतात. पण नोकरीतलं कुठलं काम लक्षात राहिलं असं कुणी विचारलं, तर मी साळवे काकांच्या ट्रेलरचं नाव घेते.

साळवे काका मूळचे नगरचे, दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरमध्ये आमच्या दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं क्वार्टर होतं. नाताळला काकूंच्या करंज्या आमच्याकडे यायच्या आणि दिवाळीला आमच्या त्यांच्याकडे जायच्या. कुणाच्या खुसखुशीत, यावर दोन्ही घरी दरवर्षी चर्चा व्हायची. मुलगी लग्न होऊन पुण्याला. काकांनी गुडगावात शेतांच्या मधोमध एक छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता, सगळे हसत असताना. निवृत्तीनंतर तिथे घर बांधायचं. आयुष्यभर सरकारी भिंतींना खिळा ठोकताना परवानगी मागितली, आता स्वतःच्या भिंतीला ठोकीन, असं ते म्हणायचे.

निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडायची वेळ आली आणि घराच्या नकाशाची मंजुरी अजून लटकलेली. भाड्याने कुठेही राहता आलं असतं. पण शेजारचा प्लॉट काकांच्या डोळ्यांदेखत गेला होता. मालक मुंबईचा. तो सालभर फिरकला नाही आणि एका सकाळी तिथे पत्र्याची शेड, दोन म्हशी आणि खाटेवर चार पैलवान. याला तिकडे कब्जा म्हणतात. कोर्टात जाऊन तो सुटायला माणसाचं उरलेलं आयुष्य जातं. काकांकडे उरलेलं आयुष्य तेवढंच होतं आणि ते त्यांना घरात घालवायचं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आपण स्वतःच प्लॉटवर राहायचं.

एक परदेशी साहेब मायदेशी परत गेला आणि त्याचा ट्रेलर आमच्या कारखान्यात विकायला आला होता. मीच काकांना तो दाखवला. छतावर पॅनेल, आत बॅटऱ्यांची जोडी, छोटा फ्रिज. वीज त्या भागात यायची होती. खांब आले होते, तारा यायच्या होत्या. काकूंना मधुमेह, इन्सुलिन रोजचं. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते फ्रिजशिवाय टिकत नाही. म्हणजे बॅटरी टिकली तर फ्रिज चालणार, फ्रिज चालला तर काकू राहणार आणि काकू राहिल्या तर प्लॉट राहणार. काकांनी ही साखळी मला फाइलवर टिपणी वाचावी तशी वाचून दाखवली. "तर शुभदा, सगळं तुझ्या बॅटरीवर आहे," ते म्हणाले. मी मीटर लावला, सगळं मोजलं आणि सांगितलं, जपून वापरलं तर पॅनेलच्या जोरावर भागेल.

काकू प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून विचारायच्या, "आणि हा किती खातो गं?" दिवा किती खातो, पंखा किती खातो. मी मोजून सांगायचे आणि त्या मान डोलवायच्या. त्यांना ते पाहुण्यांच्या जेवणासारखं वाटत असावं.

पहिला फोन एसटीडी बूथवरून आला. "बॅटरी बसली." मी गेले. काकांनी फ्रिज इन्व्हर्टरवर लावला होता आणि मधे स्टॅबिलायझर. खरं तर तो फ्रिज बॅटरीवर थेट चालायचा. "फ्रिजला स्टॅबिलायझर नको?" काकांनी विचारलं. दिल्लीत लग्नात फ्रिज देतात तेव्हा स्टॅबिलायझर बरोबर देतात, इतकं ते ठरलेलं आहे. घरच्या विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून तो लागतो, बॅटरीचा दाब तसा उड्या मारत नाही, हे मी त्यांना समजावलं. स्टॅबिलायझर पोत्यात घालून परत आणला. ट्रेलरच्या मूळच्या दिव्या-पंख्याला इन्व्हर्टर लागत नाही, तेव्हा घरी असताना त्याचं बटण बंद ठेवायचं, हेही सांगितलं. काकांनी ते बटणाखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलं आणि खाली सही केली.

आठवड्याने पुन्हा फोन. मी पुन्हा गेले, सगळे फ्यूज काढून पाहिले. काटा शून्यावरून हलेना. कुठेही गळती नव्हती. त्यांच्या जागी दुसऱ्या लावून बॅटऱ्या कारखान्यात नेल्या, दोन दिवस तपासल्या, ठणठणीत. "कधी बसते?" मी विचारलं. "नेम नाही," काका म्हणाले. "कधी आठवडा नीट जातो. कधी लागोपाठ दोनदा. आणि नेमकी आम्ही बाहेरून दमूनभागून येतो तेव्हाच." आम्ही तिघं यावर हसलो. पुढे मला त्या हसण्याची आठवण बऱ्याचदा झाली.

"तुम्ही घरी नसताना काय काय चालू असतं?" हे मी विचारलं होतं. मला पक्कं आठवतं. "फ्रिज," काकू म्हणाल्या होत्या. "बाकी काही नाही. आम्ही घरीच नसतो, तर वापरणार कोण?"

खुराना साहेबांचं म्हणणं, म्हातारा टीव्ही बघत असेल आणि सांगत नसेल. "कस्टमर झूठ नहीं बोलता, बेटा, बस पूरा नहीं बोलता." मला राग आला. साळवे काका आयुष्यभर खोटं बोललेले नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "चलो, फिर बैटरी ही झूठ बोल रही होगी."

मे महिना लागला. एकदा बॅटरी अशी बसली की रात्रभर फ्रिज बंद राहिला आणि इन्सुलिन वाया गेलं. काका रिक्षा करून बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेले आणि थर्मासमध्ये बर्फ भरून नवीन बाटली त्यात ठेवली. मुलगी पुण्याहून फोनवर रडली आणि मग रागावली. पुन्हा एकदा असं झालं तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार, तो प्लॉट गेला खड्ड्यात. काकांनी तोडगा काढला, काकूंनी पुण्याला जावं आणि आपण एकट्याने इथे राहावं. काकू मला म्हणाल्या, "मी गेले तर हे रोज पाव-अंडी खातील आणि त्या पैलवानांशी भांडतील. घर बांधायला आलोय की मरायला?" त्या रडल्या नाहीत. फडक्याने ओटा पुसत राहिल्या, जो पुसलेलाच होता.

मला त्या दिवशी लाज वाटली. इतकं शिकून, इतकी वर्षं हेच करून, एका फ्रिजएवढी वीज मला सापडत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात जवळच एका कंपनीच्या व्हॅनचं काम होतं. ते लवकर आटोपलं, म्हणून न कळवता मी प्लॉटवर गेले. ट्रेलरमधून रेडिओचा आवाज येत होता, जुनी हिंदी गाणी. पडद्यामागे दिवा दिसत होता, पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. हाका मारल्या. शेजारच्या शेडमधून एक पैलवान ओरडला, "अंदर ही हैं जी, रेडिओ चल रहा है, सुनाई नहीं देता?"

तेव्हा मात्र मी घाबरले. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आत दोन म्हातारी माणसं, एकीला मधुमेह. मी खिडकीच्या काचेला डोळे लावले. पलंग नीट घातलेला, चादरीला सुरकुती नाही. खुर्ची रिकामी. ओट्यावर रेडिओ आणि त्याच्या शेजारी पंखा, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून फिरणारा. मी दरवाजा मोडायला काही मिळतं का बघत होते, तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबली आणि काका-काकू उतरले. काकूंच्या हातात डबा होता. नकाशाच्या कामाला दिल्लीत आर्किटेक्टकडे गेलं की परतताना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये जेवायचं, अशी त्यांची रीत होती.

"अगं, उन्हात काय उभी आहेस?" काकू म्हणाल्या.

"आत कोण आहे?"

"आत कोण असणार?"

"मग रेडिओ?"

"तो लावूनच जातो आम्ही," काका म्हणाले. "आणि यायला अंधार होतो, म्हणून दिवाही. पंखा फिरला की पडदा हलतो. बाहेरच्याला वाटतं, आत कुणीतरी आहे."

मी तिथेच, घरासाठी आणून ठेवलेल्या विटांवर बसले. मला हसू येत होतं आणि रडूही. कारण हे मला माहीत होतं. सरोजिनी नगरमध्ये सगळी घरं हेच करायची. चोऱ्या फार, म्हणून बाजारात निघताना रेडिओ लावायचा, पुढच्या खोलीतला दिवा लावायचा आणि कुलूप घालायचं. माझी आई चप्पल घालता घालता म्हणायची, "रेडिओ लावलास का गं?" दिवा, पंखा, रेडिओ हे वापरणं नव्हतंच मुळी. ते कुलपासारखं होतं. काकूंना विचारलं, घरी नसताना काय चालू असतं, तर त्या कुलूप कशाला सांगतील? आणि मीही त्याच कॉलनीतली असल्यामुळे मला विचारावंसं वाटलं नाही. बाहेरचा एखादा इंजिनियर असता तर त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

घरी असताना इन्व्हर्टर शिस्तीत बंद, चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे. बाहेर पडताना तो चालू, त्यावर क्वार्टरमधून आणलेला जुना भला मोठा रेडिओ, ट्यूबलाइट आणि पंखा. दिवसभर.

"काका, हे बंद करावं लागेल," मी म्हणाले.

काकांनी शेडकडे मान वळवली. पैलवान खाटेवर आडवे पडले होते. "दोनदा कुंपणाशी येऊन ऐकून गेलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "रेडिओ बंद झाला की आत येतील. फ्रिज बंद झाला तर हिला जावं लागेल. तू सांग कुठलं बंद करू."

माझ्या धंद्यात सल्ला नेहमी एकच असतो. जे लागत नाही ते बंद करा. इथे जे लागत नव्हतं असं मला वाटत होतं, तेच त्यांना सर्वांत जास्त लागत होतं. मी घरी आले आणि दोन दिवस त्याचाच विचार केला. मग खुराना साहेबांना सगळं सांगितलं. फाळणीनंतर त्यांच्या वडिलांनीही दिल्लीत एका रिकाम्या जागेवर तंबू टाकून मुक्काम केला होता, एवढंच ते म्हणाले. मग, "जो चाहिए स्टोर से ले जा."

मी इन्व्हर्टर काढूनच टाकला. एका मोडीत निघालेल्या व्हॅनमधला मोटारीचा रेडिओ ओट्याखाली बसवला. तो बॅटरीवर थेट चालतो आणि अगदी थोडं खातो. ट्यूबच्या जागी मोटारीच्या पार्किंगचा छोटा दिवा, पडद्याच्या अगदी जवळ, म्हणजे बाहेरून मोठा दिसावा. पंखा बंद, पडदा हलायला खिडकी बोटभर उघडी पुरते. आणि मुख्य म्हणजे दोन बॅटऱ्यांची जोडी तोडली. एक बॅटरी फक्त फ्रिजची, दुसरी रेडिओ-दिव्याची. आता दुसरी तळाला गेली तरी पहिलीतला एक थेंब तिला मिळणार नाही. गडबड नको म्हणून मी पांढऱ्या रंगाने बॅटऱ्यांवर नावं घातली. फ्रिजच्या बॅटरीवर 'काकू', रेडिओच्या बॅटरीवर 'काका'.

"म्हणजे माझी संपली तरी हिची चालू राहील," काका म्हणाले.

"हो."

"उत्तम. लेखी दे."

मी चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी ती जुन्या चिठ्ठीच्या जागी चिकटवली आणि शेरा मारला, 'पाहिले'.

त्यानंतर बॅटरीचा फोन आला नाही. पैलवान कुंपणाशी यायचे, ऐकायचे आणि परत जायचे. पुढे तर त्यांच्यातला एक बातम्यांच्या वेळी आवाज मोठा करायला सांगायला यायचा. मंजुरी आली, पाया खणला गेला, भिंती उठल्या. काका-काकू सगळा वेळ ट्रेलरमध्येच होते. घर झाल्यावर काकांनी पहिला खिळा ठोकला तेव्हा मला बोलावलं होतं. ट्रेलर कुणीतरी राजस्थानात नेला. तो मोटारीचा रेडिओ मात्र काकांनी काढून घेतला आणि घराच्या खिडकीत बसवला.

मग मी माझ्या कामात, ते त्यांच्या घरात. गुडगाव वाढत गेलं. मोहरी गेली, म्हशी गेल्या, पैलवानांच्या शेडच्या जागी काचेची इमारत आली, पुढे मेट्रो आली. काका गेल्याचं कळलं तेव्हा मी कामासाठी जयपूरला होते. नंतर भेटून आले, पण घर माणसांनी भरलेलं होतं. काकूंशी धड बोलणं झालं नाही.

निवृत्त झाल्यावर नाताळच्या आधी एकदा करंज्या घेऊन गेले. आजूबाजूला उंच सोसायट्या, मधे काकूंचं बैठं घर. फाटकातूनच रेडिओ ऐकू आला, तोच, थोडा खरखरणारा. पडद्यामागे दिवा होता. मी घंटी न वाजवताच मागे फिरले. त्या गल्लीत त्या आवाजाचा अर्थ मला एकटीलाच कळत होता, घरी कुणी नाही. डबा समोरच्या वॉचमनकडे ठेवून जावं म्हणून मी रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात दार उघडलं.

"अगं, फाटकापर्यंत येऊन जातेस कुठे?" काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मला वाटलं, तुम्ही घरी नाही. रेडिओ चालू होता."

"आता घरी असले तरी चालू असतो," काकू म्हणाल्या. "बंद केला की वाटतं, घरात कुणी नाही."

आम्ही आत बसलो. काकूंनी चहा केला, करंजी मोडून चाखली आणि आमच्या आईची जास्त खुसखुशीत असायची असं सांगितलं. गच्चीच्या जिन्याखाली रेडिओची बॅटरी होती. नवीनच होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने 'काका' असं लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात नव्हे.

मी तिकडे बघतेय हे काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी खिडकीतल्या रेडिओकडे बोट दाखवलं. "दिवसभर लावते आता. किती खातो गं हा?"

मीटर पर्समध्ये होता. मी तो काढला नाही.

"काही खात नाही, काकू," मी म्हणाले. "चालू राहू दे."